अजून थोडं मागे

३ जानेवारी

आज हॉलची किल्ली हातात आली. हॉल म्हणायचं, एवढंच. धुलाईच्या दुकानावरची लांबट खोली, दोन खिडक्या आणि एका भिंतीला आधीच्या नाचाच्या क्लासचा आरसा. खाली वाफेच्या इस्त्र्या सुरू झाल्या की फरशी पायाला कोमट लागते. दुकानदाराने पुन्हापुन्हा विचारलं, "बाई, उड्याबिड्या नाहीत ना? त्या नाचवाल्यांनी माझं छत खिळखिळं केलं." म्हटलं, "काका, योगाच्या क्लासात माणसं बराच वेळ आडवीच असतात." त्यांचा विश्वास बसला नाही.

दादाला फोन केला. "नोकरी सोडलीस ती सोडलीस भिंगरे, आता निदान तोंडघशी पडू नकोस," हे त्याचं अभिनंदन. लहानपणापासून मी एका जागी टिकत नाही म्हणून त्याच्यासाठी मी भिंगरी. तो लिफ्ट दुरुस्त करतो. कुठलीही गोष्ट वर जाताना दिसली की ती कुठे अडकेल हेच त्याला आधी दिसतं. वहिनीने त्याच्या हातून फोन हिसकावला. "वन्सं, माझं नाव पहिलं लिही." आम्ही दोघी एका वयाच्या, त्यामुळे अगं-तूगं चालतं. 'वन्सं' फक्त चिडवायला. म्हटलं, "तुला कुठला वेळ?" तर म्हणाली, "काढीन. सकाळी आईंचं आवरून येईन. पाठ जरा धरलेली असते, बघू तुझ्या योगाने काही होतंय का."

पहिली विद्यार्थिनी घरचीच! फोन ठेवला आणि रिकाम्या हॉलमधे एकटीच गोल फिरले.

७ जानेवारी, रविवार

आईकडे जाऊन आले. संत्री नेली होती. आईची उजवी बाजू गेली त्याला दुसरं वर्ष संपत आलं. जीभही अजून जड आहे, वाक्यातले दोन-तीन शब्द बाहेर पडतात, बाकीचे आपण भरायचे. पण चेहरा भरलाय. अंगानेही चांगली सुटलीय. बघून बरं वाटलं. वहिनी तिचं सगळं फार नेटकं करते. अंथरुणाला सुरकुती नाही, केस विंचरलेले, अंगाला पावडरचा वास. शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या, इतके महिने पडून असलेल्या माणसाच्या पाठीला एकही जखम नाही, असं त्यांनी क्वचित पाहिलंय. मला उगीचच अभिमान वाटला, जसं काही मीच केलंय.

तासभर आईचे पाय चोळले, तिच्याबरोबर लांब श्वास घेतले.

वहिनी हल्ली जमिनीवर चटई टाकून झोपते म्हणे. गादी मऊ वाटते. निघताना मला सोडायला दारापर्यंत आली, चप्पल पायाने ओढत सरळ केली आणि तशीच उभ्याउभ्या घातली. म्हटलं, "वाकायचाही कंटाळा?" हसली नुसती.

१५ जानेवारी

क्लास सुरू. एकूण सातजण. त्यातले दोघे लक्षात राहण्यासारखे. एक निवृत्त पोस्टमनकाका. आयुष्यभर पिशवी एकाच खांद्यावर, त्यामुळे तो खांदा खाली उतरलाय, आणि चालताना अजूनही ते दारांकडे बघत चालतात. दुसरी दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून तिची मान कासवासारखी पुढे आलीय. वहिनी सगळ्यात शेवटी आली, धापा टाकत, आणि दाराजवळची जागा धरली. तिच्या तासापुरत्या नर्सबाई आईजवळ बसतात.

माझा आवाज सुरुवातीला चिरकला. ग्राहकांच्या तक्रारी ऐकून घेणाऱ्या फोनवर इतकी वर्षं "क्षमस्व" म्हणत काढली. आज पहिल्यांदा लोक माझं ऐकत होते.

२४ जानेवारी

आजपासून पाठीमागे वाकण्याची आसनं. सुरुवात भुजंगासनाने. समजावून सांगितलं की आपण दिवसभर पुढेच वाकतो. भांडी घासताना, लिहिताना, फोन बघताना, मूल उचलताना. छाती मिटत जाते, श्वास वरच्यावर होतो, खांदे कानांकडे चढतात. मागे वाकलं की हे सगळं उलगडतं. बरगड्या सुटतात, पाठीचे स्नायू कामाला लागतात, मनही जरा उघडतं.

पोस्टमनकाका तोंड वर करून बराच वेळ तसेच राहिले. मग म्हणाले, "बाई, मी इतकी वर्षं रस्त्यावर काढली. पण घरांचे नंबर तेवढे बघितले. खिडकीतून वर आकाश आहे हे आज दिसलं." दातांची डॉक्टर म्हणाली, काल घरी मानेचे प्रकार केले तर मानेखाली उशी न घेता झोप लागली. मला आभाळ ठेंगणं झालं.

वहिनी मात्र कोपरं जमिनीला टेकवूनच राहिली. मी म्हटलं, "हात सरळ कर ना." म्हणाली, "राहू दे. माझी नागीण म्हातारी आहे." सगळे हसले. मीही.

२ फेब्रुवारी

मोठी बातमी. दातांच्या डॉक्टरच्या ओळखीने एका मोठ्या ऑफिसातल्या अधिकारी बाई मंगळवारी क्लास बघायला येणार आहेत. त्यांना आपल्या लोकांसाठी योगाचे तास हवेत. पसंत पडलं तर माझं बस्तान बसलं. दादाला सांगितलं तर म्हणाला, "आधी येऊ तर देत."

मंगळवारी उष्ट्रासन घ्यायचं ठरवलंय. दिसायला भारदस्त आसन आहे. गुडघ्यावर उभं राहून मागे वळायचं आणि टाचा धरायच्या, छातीची कमान. बघणाऱ्याला वाटतं, हे काहीतरी आहे. सगळ्यांना अजून नीट जमत नाही, पण निदान पुढची रांग चांगली दिसेल.

६ फेब्रुवारी

लिहायला नको वाटतंय. लिहिते.

अधिकारी बाई वेळेवर आल्या, भिंतीपाशी खुर्ची घेऊन बसल्या. त्या आल्या म्हणून मी सुरुवातीचे मोकळं व्हायचे प्रकार आटोपते घेतले. मांड्या, खांदे, काहीच नीट ताणून घेतलं नाही. सरळ उष्ट्रासन. पुढची रांग छान. पोस्टमनकाकांचे हात कमरेवरच, पण त्यांचं वय दिसतं, ते चालून गेलं.

अधिकारी बाईंनी विचारलं, "हे जमतं का हो सगळ्यांना? आमच्याकडे बऱ्याच बायका आहेत, कधी व्यायाम न केलेल्या."

मी म्हटलं, "का नाही? घरकाम करणाऱ्या बाईलाही जमतं. बघा ना." आणि वहिनीकडे गेले.

वहिनी कमरेवर हात ठेवून गुडघ्यावर उभी होती. छाती थोडीशी वर. हळूच म्हणाली, "माझं एवढंच बरं आहे."

मी म्हटलं, "घाबरतेस काय? अजून थोडं मागे." तिच्या मागे उभी राहिले, पाठीला माझा गुडघा लावला, दोन्ही मनगटं धरली आणि टाचांकडे ओढली.

तिच्या तोंडून आवाज आला. किंकाळी नाही. ओली चादर झटकावी तसा, एवढाच. मग ती पुढे कोसळली आणि कपाळ जमिनीला टेकवून तशीच राहिली. मी वाकले तर म्हणाली, "चमक भरलीय. जाईल. तू जा, त्यांच्याकडे बघ."

आणि मी गेले. त्यांच्याकडे बघितलं. हसून पुढचं आसन घेतलं.

अधिकारी बाई खूश होऊन गेल्या.

७ फेब्रुवारी

दादाचा फोन. वहिनीला अंथरुणातून उठता येत नाही. "जिन्यात पाय घसरला म्हणते. लक्ष नसतं हिचं."

मी म्हटलं, "अरेरे."

दिवसभर तो 'अरेरे' माझ्या कानात वाजतोय. फोनवर अनोळखी माणसाला म्हणायचे तस्साच.

८ फेब्रुवारी

भेटायला गेले. आई एका खोलीत पडलेली, वहिनी दुसऱ्या खोलीत जमिनीवर. दादाने रजा काढलीय आणि तो स्वयंपाकघरात भांड्यांशी झगडत होता. तेवढ्यात वहिनीने मला खुणेने जवळ बोलावलं.

"जिना म्हणून सांगितलंय मी. तू तोंड उघडू नकोस."

"वहिनी, मी..."

"रडू नकोस आता, ते येतील. तुझं आत्ता कुठे बूड टेकतंय. हे चिडले की चार महिने चिडतात. मला त्याची आणखी कटकट नको."

मी रडले. पण रडता रडता आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं. वाचले. हे लिहिताना स्वतःची शिसारी येतेय, पण तसं वाटलं, हे खरं आहे.

संध्याकाळी अधिकारी बाईंचा होकार आला. मार्चपासून.

१० फेब्रुवारी

ज्यांच्याकडे मी शिकले त्या बाईंना फोन केला. म्हटलं, "माझ्या ओळखीची एक शिक्षिका आहे, तिच्या हातून असं असं झालं."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तासाआधी तिने त्या मुलीला विचारलं होतं का, काही दुखतं का म्हणून?"

"घरचीच होती ती."

"म्हणजे नाही."

मग बाई म्हणाल्या, "तुझ्या त्या ओळखीच्या शिक्षिकेला माझा निरोप दे. उष्ट्रासनात पाठ वाकवायची नसते, छाती उचलायची असते. पाठ मग आपली आपण येते. आधी मांड्या आणि खांदे मोकळे झाले पाहिजेत. गुडघ्यांमधे अंतर ठेवायचं, मांड्या उभ्याच ठेवायच्या, माकडहाड खाली सोडायचं. मान शेवटी, आणि ती टाकून द्यायची नाही. हात टाचांना लागले नाहीत तर पायाची बोटं दुमडून टाचा वर घ्यायच्या. तरी नाही लागले तर हात कमरेवर, आणि तिथेच ते आसन पूर्ण झालं. ज्यांच्या मणक्याला, मानेला त्रास आहे, रक्तदाब आहे, त्यांना हे द्यायचंच नाही. आणि कुणालाही, कधीही, ओढायचं नाही."

"सांगते," मी म्हटलं.

"तिला म्हणावं, झोप लागत नसेल तर मला फोन कर."

त्यांना कळलंय.

१३ फेब्रुवारी

वहिनीला घेऊन हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या फिजिओकडे गेले. रिक्षात ती हात आसनावर रोवून, अंग अधांतरी धरून बसली होती. प्रत्येक खड्ड्याला मी डोळे मिटत होते.

फिजिओने फोटो उजेडावर धरला. तरुण आहे, पण बोलणं शांत. "दोन मणक्यांमधली गादी सरकलीय. परवाच्या घसरण्याने दुखणं वर आलं असेल, पण ही एका दिवसात सरकलेली नाही. महिनोन्‌महिने चाललंय हे. घरात वजन काय उचलता तुम्ही?"

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "पाण्याची बादली."

मी लगेच म्हटलं, "आजपासून बादली बंद. पाणी मी भरीन."

फिजिओनेही माझ्याकडे बघितलं.

मला वाटतं, वहिनीने त्याला आधी गाठून पढवून ठेवलं असणार, मला बोल लागू नये म्हणून. किती सांभाळून घेते ती मला! जेवढं सांभाळते तेवढं मला जास्त टोचतं.

१५ फेब्रुवारी

दादाच्या घरी राहायला आले. त्याची रजा संपली. तो उजाडताच जातो. आईचं, वहिनीचं सगळं मी करणार. एवढं तरी करायलाच हवं.

सकाळी आईला उठवायला गेले. म्हटलं, मी योगशिक्षिका, अंगात ताकद आहे. तिच्या काखेत हात घातले आणि उचललं. आई हललीसुद्धा नाही. पुन्हा जोर लावला तर ती अर्धी उठली आणि सगळा भार माझ्यावर टाकून तिरकी झाली. मी तिला धरून वाकलेली, सोडता येईना, उचलता येईना. शेजारच्या खोलीतून वहिनीचा आवाज आला, "आधी कुशीवर घे. तुझा गुडघा पलंगावर टेक. त्यांचा चांगला हात तुझ्या मानेत. हं, आता मोजून उठव, त्यांना कळू दे."

उठवलं. मग खुर्चीत बसवलं, अंघोळ घातली, पुन्हा उचलून पलंगावर. अंग पुसताना इकडून तिकडे वळवलं. चादर बदलली. दुपारी परत. जेवणाआधी परत. दर थोड्या वेळाने कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात.

दादाला म्हटलं, "तू येतोस का हात लावायला?" तो म्हणाला, "आईला संकोच वाटतो गं माझा. ही करते ना ते बरोबर." आणि जीभ चावली.

१६ फेब्रुवारी

क्लासमधे कंबर इतकी दुखत होती की तास सुरू होण्याआधीच जमिनीवर पाठ टेकवून पडले. लोक आले तर म्हटलं, आज सुरुवात शवासनाने. पोस्टमनकाका म्हणाले, "वा, असा तास रोज ठेवा."

पडल्यापडल्या वाटलं, बरं झालं. माझ्या गुडघ्याने तिची पाठ गेली, आता माझीही दुखू दे. फिटंफाट.

२० फेब्रुवारी

आईला भरवत होते. तिने तोंड फिरवलं. डाव्या हाताने वाटी लोटली. "नको... जड."

"काय जड, आई?"

"मी... जड. ती..." आणि वहिनीच्या खोलीकडे बोट केलं. डोळ्यांतून धार लागली. "कमी... खाते."

मी तिला जवळ घेतलं. बिचारीला वाटतंय, वहिनी तिच्यामुळे पडली. तिला कसं सांगू की तिच्यामुळे नाही, तिच्या मुलीमुळे? तोंडापर्यंत आलं होतं. तिचे डोळे पुसले आणि घास पुढे केला. तिने दोनच घास खाल्ले.

आता हे थांबलं पाहिजे. माझ्या पापाचं ओझं आई स्वतःच्या डोक्यावर घेऊन उपाशी राहतेय. दादाला सांगून टाकते.

२२ फेब्रुवारी

सांगितलं.

तो जेवून उठत होता. मी म्हटलं, "दादा, वहिनी जिन्यात घसरली नाही. मी तिला ओढलं. क्लासमधे. ती नको म्हणत होती."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. ताट तसंच हातात. "ओढलंस म्हणजे?"

"आसनात. मनगटं धरून. त्या अधिकारी बाई बघत होत्या म्हणून."

"आणि इतके दिवस गप्प होतीस? माझ्या घरात राहून?" त्याचा आवाज चढत गेला. "तुझ्या त्या क्लासपायी माझ्या बायकोची पाठ मोडलीस तू! शिकून आलीस ना? हेच शिकलीस?"

मी मान खाली घालून उभी होते. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. कुणीतरी ओरडायला हवं होतं.

"अहो, ओरडू नका." वहिनी दारात होती. भिंत धरत धरत आली होती. "ती खोटं बोलत नाहीये. ओढलं तिने, आणि मी नको म्हटल्यावर ओढलं. ते चुकलंच तिचं. पण पाठ काय त्या दिवशी गेली का माझी?"

दादा म्हणाला, "मग?"

"पावसाळ्यापासून मला वाकता येत नाहीये. जमिनीवर का झोपते विचारलंत कधी? गादी मऊ लागते म्हटलं, तर हो म्हणालात. आईंना दिवसातून किती वेळा उचलते मी? त्यांचं वजन किती, माझं किती?"

"मला सांगायचंस ना."

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, बाम लाव."

दादा खाली बसला. ताट मांडीवर.

मग ती माझ्याकडे वळली. तिला उभं राहणं जड जात होतं, पण मला हात लावू दिला नाही. "त्या दिवसाची माफी मागतेस ना? ती दिली. मनापासून दिली."

मी म्हटलं, "वहिनी, मी तुझं सगळं..."

"थांब. उरलेल्याची कधी मागणार आहात, दोघं?"

मी विचारलं नाही, उरलेलं म्हणजे काय. गेले काही दिवस ते माझ्याच कमरेत दुखतंय, आणि मी त्याला प्रायश्चित्त म्हणत होते. हॉलची किल्ली मिळाली त्या दिवशी फोनवर तिने मला स्पष्ट सांगितलं होतं, पाठ धरलेली असते. मला ऐकू आलं ते एवढंच की पहिली विद्यार्थिनी मिळाली.

आतल्या खोलीतून आई काहीतरी म्हणत होती. आम्हा तिघांनाही शब्द कळले नाहीत. दादा उठून आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

२७ फेब्रुवारी

अधिकारी बाईंना फोन केला. म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही जे बघितलंत ते चुकीचं शिकवणं होतं. तुमच्यासमोर जी बाई पडली ती अजून अंथरुणात आहे." मग म्हणाल्या, "हे तुम्ही सांगितलं नसतंत तर आम्हाला कळलंही नसतं." म्हटलं, "हो." त्या म्हणाल्या, मग आम्हाला विचार करावा लागेल. विचार करावा लागेल म्हणजे काय हे मी नोकरीत शेकडो लोकांना ऐकवलंय.

वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू? खूप वाईट वाटलं.

३ मार्च, रविवार

फिजिओ घरी आला. दादाला आणि मला दोघांना समोर उभं केलं. आईच्या खाली दुमडलेली चादर सरकवायची, दोघांनी दोन बाजूंनी धरायची आणि चादरीसकट सरकवायचं. उचलायचं नाहीच. उठवताना आपले गुडघे वाकवायचे, पाठ सरळ, तिला आपल्या पोटाशी घ्यायचं, हात लांब करून धरायचं नाही. "आणि एकट्याने नाही. एकट्याने कधीच नाही."

दादाने पहिल्यांदा आईच्या पाठीखाली हात घातला तेव्हा दोघंही लाजले. आई छताकडे बघत होती, तो भिंतीकडे. मग त्याच्यातला मेकॅनिक जागा झाला. "अरे, हे तर आमच्या लिफ्टसारखंच. पलीकडच्या बाजूला वजन सोडलं की इकडची बाजू आपोआप वर येते." त्याने स्वतःचं अंग मागे सोडलं आणि आई अलगद बसती झाली. तिने डाव्या हाताने त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाली, "कळलं... आत्ता?"

वहिनी दारात उभी राहून बघत होती. हसली नाही. वळून आत गेली आणि दार लोटून घेतलं.

मला वाटलं होतं ती खूश होईल. इतकं सोपं होतं ते, आणि इतके दिवस कुणी केलं नव्हतं.

१८ मार्च

आता असं बसलंय. सकाळी दादा, त्याने कामाची वेळ उशिराची करून घेतलीय, आणि नर्सबाईंनी शोधून दिलेली मदतनीस. दुपारी मी आणि ती मदतनीस. रात्री दादा आणि मी. वहिनीने आईला हात लावायचा नाही, फक्त गप्पा मारायच्या. आई पुन्हा नीट जेवते.

वहिनी चालायला लागलीय. मला तोडून बोलत नाही, पण 'वन्सं' म्हणत नाही. चिडवत नाही. मी जास्तच मदत करायला गेले की म्हणते, "बस गं जरा." परवा मी तिचे पाय चेपायला घेतले तर पाय जवळ ओढून घेतले. बरोबर आहे.

क्लासमधे आता तास सुरू व्हायच्या आधी प्रत्येकापाशी जाऊन विचारते, आज काय दुखतंय. पोस्टमनकाका म्हणतात, "बाई, तुम्ही रोज विचारता म्हणून मला रोज काहीतरी दुखायला लागलंय." विचारताना एकदा दातांच्या डॉक्टरने सांगितलं की तिला मधूनमधून चक्कर येते. आधीपासून येत होती. मी तिला किती वेळा मान मागे टाकायला लावली होती, देव जाणे.

उष्ट्रासन अजून घेतलेलं नाही. सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून गुडघ्यावर उभं करते, मांड्या भिंतीला लावून, आणि नुसती छाती उचलायला सांगते. तेवढ्याने चेहरे बदलतात लोकांचे. खरं तर तेवढ्यासाठीच असतं ते.

२९ एप्रिल

आज वहिनी क्लासला आली.

कळवलं नव्हतं. मी आल्या-गेल्याला दुखण्याखुपण्याचं विचारत होते आणि ती चटई काखेत मारून दारात उभी. म्हणाली, "फिजिओने सांगितलंय. जड काही नाही. नुसतं ब्लँकेटवर पडायचं."

मी ब्लँकेटची सुरळी केली. खांद्याच्या पात्यांखाली आडवी ठेवली, डोक्याखाली घडी घातलेला टॉवेल, गुडघे वाकवलेले, पावलं जमिनीवर. ती स्वतःच त्यावर हळूहळू मागे टेकली. छाती जराशी वर आली, दोन्ही हात बाजूला पसरले. एवढंच. कुणी बघणाऱ्याला त्यात आसन दिसणारही नाही.

"दुखतंय?"

"नाही."

"काढू का सुरळी? लहान करू?"

"अगं, गप्प बस ना दोन मिनिटं."

मी बाकीच्यांकडे गेले. पुढची रांग भिंतीशी, पोस्टमनकाका खुर्चीवर बसून छाती उचलत. मधेच मागे बघितलं तर वहिनीचा श्वास लांब झाला होता. पुन्हा बघितलं तर तोंड किंचित उघडं, हाताची बोटं सैल. झोपली होती.

लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिला ओळखते. आमच्या घरात ती सगळ्यांच्या नंतर झोपते आणि सगळ्यांच्या आधी उठते, त्यामुळे तिचा झोपलेला चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. कपाळावर दोन उभ्या रेघा आहेत. झोपेतही जात नाहीत.

फार वेळ तशी राहिली तर अवघडेल म्हणून दातांच्या डॉक्टरने आणि मी मिळून, अगदी हलक्या हाताने, ब्लँकेटची सुरळी बाजूला काढून घेतली. ती कुशीवर वळली आणि झोपूनच राहिली. तास संपला हे मी तोंडाने सांगितलंच नाही, नुसती मान हलवली. लोकांनी चटया गुंडाळल्या. पोस्टमनकाका बूट हातात घेऊन जिना उतरले.

एवढ्यात दादाचा फोन आला. मी बाहेर जिन्यात जाऊन घेतला.

"ती कुठाय? अजून आली नाही."

"झोपलीय."

"झोपलीय? क्लासमधे?"

"हो."

"अगं, मदतनीस आज आली नाही. आईला उठवायचंय. मला कामावर जायचंय. हिला उठव ना, निदान एकट्याने कसं करायचं ते सांगेल."

माझ्या तोंडावर आलं होतं, उठवते. सवयीने. मग म्हटलं, "दादा, ती उठणार नाही. नर्सबाईंना हाक मार, दोघं मिळून चादरीने सरकवा. मी क्लासचं कुलूप लावलं की येते. उशीर होईल."

"मला उशीर होईल त्याचं काय?"

"होऊ दे."

मग पलीकडे त्याचा आवाज ऐकू आला, फोनपासून लांब, आईशी बोलताना. "चल आई, आपण दोघंच आहोत आज." फोन बंद झाला.

खाली इस्त्र्या सुरू झाल्या होत्या, फरशी कोमट व्हायला लागली होती. मी आत येऊन तिच्यापासून थोडं लांब, भिंतीला टेकून बसले. माफी मागावीशी वाटत होती, पण ते म्हणजे तिला जागं करणं झालं असतं.